पहिला काप

एका मैत्रिणीकडे आम्ही संध्याकाळी जमलो होतो. जेवायला अवकाश होता, म्हणून तिने बाहेरच्या बुटक्या टेबलावर फळांचा आणि चीजचा प्लॅटर ठेवला होता. लांबट लाकडी फळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सफरचंदाच्या पातळ कापांची वळणावळणाने गेलेली ओळ, मधोमध ब्री या मऊ चीजचं अख्खं पांढरं चाक, त्यावर डाळिंबाचे दाणे आणि पुदिन्याचं एक पान. चेडरचे चौकोनी तुकडे एकावर एक चढवत निमुळते नेलेले, काळ्या द्राक्षांचा भलामोठा घोस, उभी चिरलेली अंजिरं, आणि उरलेल्या प्रत्येक फटीत अक्रोड नाहीतर बदाम. बोटभर जागा कुठे मोकळी नव्हती. येणारा प्रत्येक जण "अगं, काय सुंदर केलंयस!" म्हणत होता, फोटो काढत होता आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहत होता. ती स्वयंपाकघरातून डोकावून म्हणायची, "अरे, घ्या ना, सुरू करा." "हो हो, घेतो की," असं म्हणत कुणीतरी कडेचा एखादा बदाम उचलायचं. फीत कापायला प्रमुख पाहुण्यांची वाट बघावी, तसे आम्ही सगळे त्या टेबलाभोवती उभे होतो. जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा सफरचंदाच्या कडा तांबूस पडल्या होत्या, चेडरवर तेलाचे बारीक थेंब आले होते आणि ब्रीचं चाक तसंच्या तसं होतं. फळी उचलून आत नेताना ती हसून म्हणाली, "फोटो तरी छान आले." आवाजात तक्रार नव्हती, पण तिचे खांदे किंचित उतरले होते.

इतकं देखणं झालं की कुणाचा हातच पुढे होईना, हे माझ्या मनातून जाईना.

कौतुक करणारे सगळे मनापासून करत होते. भूकही होती, कारण नंतर जेवणावर सगळ्यांनी चांगला ताव मारला. मग हात का आखडले? विचार करत गेले तसं वाटलं, की यात भिडेचा भाग मोठा आहे. अख्ख्या चाकाला पहिली सुरी लावायची म्हणजे दुसऱ्याचे कष्ट मोडायचे, आणि तेही सगळ्यांच्या देखत. त्यातून चीजचं प्रकरण असं, की बऱ्याच जणांना मनातून धाकधूक असते. वरची पांढरी साल खायची की काढून टाकायची? केवढा तुकडा घेतला तर तो फार दिसणार नाही? ही सुरी कशासाठी आणि ती कशासाठी? विचारावं तर चारचौघांत आपलं अज्ञान उघडं पडतं. त्यापेक्षा बदाम बरा. बदाम कसा खायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. यजमानाने "घ्या ना" म्हटल्याने ही भीड जात नाही. "घ्या ना" हे शब्द आपण इतके ऐकलेले असतात की ते कानावरून जातात.

मला आजोबा आठवले. जेवणं आटोपली की ते खुर्चीत बसायचे, मांडीवर पंचा अंथरायचे आणि सफरचंद सोलायला घ्यायचे. सुरी लहान होती, वर्षानुवर्षं धार लावून तिचं पातं निम्मं झिजलेलं. सुरी जागच्या जागी असायची, फळ फिरायचं, आणि साल एकसंध खाली उतरत जायची. मग ते फोड कापायचे आणि सुरीच्या पात्यावरच अंगठ्याने धरून पुढे करायचे. नाव घ्यायचे नाहीत, विचारायचे नाहीत. जो जवळ असेल त्याच्या पुढे फोड यायची आणि ती घ्यावीच लागायची, कारण सुरीवर धरलेली फोड किती वेळ ताटकळत ठेवणार? ज्याला भूक नाही तोही खायचा. रुसलेला खायचा. ती फोड थंड, थोडी ओलसर, कधी एका बाजूला किंचित दबलेली असायची. गाभ्याभोवतीचं उरलेलं ते स्वतः दातांनी कुरतडून संपवायचे. त्या फळात देखणं असं काही नव्हतं आणि ते कधी परतही गेलं नाही. मला मात्र देखणेपण हवं असतं, हेही खरं. मला फळी सजवायला आवडतं. रंगाशेजारी रंग ठेवताना मला फार सुख होतं, आणि ते सुख सोडून द्यावं असं मला मुळीच वाटत नाही. आजोबांच्या सुरीवरची फोड आणि मैत्रिणीची फळी यांच्या मधलं काहीतरी आपल्याला जमायला हवं, असं तेव्हापासून वाटत राहिलं.

तेव्हापासून पाहुणे यायचे असले की मी चीज निवडताना तीनवर थांबते. एक मऊ, एक कडक, एक निळं. पाच-सहा प्रकार मांडले की लोक खाण्याऐवजी वाचायला लागतात, हे काय आणि ते काय. तीन असले की प्रत्येकाची ओळख होते. जेवणाआधीचं खाणं असेल तर माणशी पन्नास-साठ ग्रॅम चीज पुरतं, म्हणजे थोडंच पण चांगलं आणता येतं.

मऊ म्हणजे बहुधा ब्री किंवा कॅमेम्बेर. यांच्यावरची पांढरी मखमल ही बुरशीच असते, पेनिसिलियम कॅमेम्बर्टी नावाची, आणि ती निःशंक खाण्याजोगी असते. हे चीज बाहेरून आत पिकत जातं. बुरशीमुळे सालीलगतचा आंबटपणा कमी होतो, तिथला भाग आधी मऊ पडतो आणि मऊपणा हळूहळू मध्याकडे सरकतो. म्हणून कापल्यावर कडेला सायीसारखं आणि मधे खडूसारखं पांढरं दिसलं, तर ते अजून कोवळं आहे. घेताना मी बोटाने मध्यावर हलकेच दाबून पाहते. बोट थोडं आत जावं आणि चीजने हळूच परत वर यावं, इतपत हवं. नाकात झोंबणारा अमोनियाचा दर्प आला तर ते उलटून गेलंय, ते परत जागेवर ठेवून द्यायचं. कुणी साल काढून ताटलीच्या कडेला ठेवली तर ठेवू द्यावी. सालीला थोडा मशरूमचा, थोडा ओल्या मातीचा वास असतो, तो सगळ्यांना रुचतोच असं नाही.

कडक चीज मात्र माझ्या जिवाभावाचं. पार्मेजानो रेज्जानो या इटालियन चीजची एक ढेप हातात आली की मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेते, कारण पुढची पाच मिनिटं मला कुणाशी बोलायचं नसतं. हे चीज कापायचं नसतं, फोडायचं असतं. त्यासाठी आखूड, बदामाच्या आकाराच्या पात्याची सुरी मिळते. तिचं टोक ढेपेत रोवायचं, थोडं खाली दाबायचं आणि मनगट किंचित फिरवायचं. आधी काहीच होत नाही. मग आतून एक बारीक तडा जातो, त्याचा आवाज कोरडा आणि समजेल-न समजेल इतका हळू असतो, आणि ढेप आपल्याला हवी तिथे नव्हे, तर तिच्या मनाने फुटते. फुटलेली बाजू खडबडीत, दाणेदार, खडकाच्या कपारीची असते. उजेडात धरली की तिच्यात पांढरे ठिपके चमकतात. पुष्कळांना ते मिठाचे खडे वाटतात, पण ते टायरोसीन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. चीज जुनं होत जातं तशी त्यातली प्रथिनं तुटतात आणि हे स्फटिक जमतात. दाताखाली आले की कुरकुरतात. एका चाकाचं वजन सुमारे ४० किलो, त्यासाठी लागणारं दूध साधारण ५५० लिटर, आणि विकायला काढण्याआधी किमान १२ महिने मुरवण्याचा नियम. हे सगळं डोक्यात असलं की हातातल्या त्या एवढ्याशा तुकड्याकडे बघण्याची नजर बदलते. फोडताना खाली सांडलेला चुरा मी तर्जनीने टिपून खाते, आणि तो दिवसातला सगळ्यात चांगला घास असतो.

निळ्या चीजला पाहुणे बिचकतात. रोकफोर आणलं की पहिल्यांदा वासच पुढे येतो आणि कुणाचं तरी नाक आक्रसतं. मेंढीच्या दुधाचं हे चीज दक्षिण फ्रान्समधल्या कोंबालू डोंगराच्या नैसर्गिक गुहांमध्ये पिकतं. चाकाला सुयांनी भोकं पाडतात, त्यातून आत हवा जाते आणि हवेवर जगणारी निळी बुरशी शिरांच्या वाटेने पसरते. ते नीट कापलं तर या भोकांच्या उभ्या रेघा दिसतात. १९२५ साली फ्रान्समध्ये ज्या चीजचं नाव सगळ्यात आधी कायद्याने राखून ठेवलं गेलं, ते हेच. हे मी पाहुण्यांना सांगत बसत नाही. नाशपातीच्या कापावर नखाएवढा तुकडा ठेवते, वर मधाचा एक थेंब सोडते आणि शेजारच्याच्या हातात देते. खारट, तिखट, मग एकदम गोड, आणि शेवटी नाशपातीचं पाणी सगळं धुऊन नेतं. नाक आक्रसलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा हात पुढे करतात. काही करत नाहीत, त्यांना आग्रह करू नये.

नाशपाती आतून बाहेर पिकते, त्यामुळे वरून मऊ लागेपर्यंत थांबलं तर आत लगदा झालेला असतो. देठाजवळ मानेवर अंगठा दाबून बघायचा. तिथे किंचित मऊ लागली की ती तयार आहे, आणि तो दिवस धरून पाहुण्यांना बोलावता आलं असतं तर मी तेच केलं असतं. अंजीर झाडावरून उतरल्यावर फारसं सुधारत नाही, पिकलेलंच घ्यावं लागतं. त्याची साल चिरत आलेली, देठाशी मान टाकलेली बरी. स्ट्रॉबेरीचंही तसंच, खुडली की तिची गोडी आहे तिथे थांबते. द्राक्षांवर पांढुरकी राख पसरल्यासारखी दिसते, तो त्यांचा स्वतःचा मेणचट थर असतो आणि तो जितका उशिरा धुतला जाईल तितकी द्राक्षं टवटवीत राहतात. अख्खा घोस मी कधीच ठेवत नाही. अख्ख्या घोसातून एक द्राक्ष तोडायला गेलं की घोस फरफटत येतो, मग माणूस ओशाळतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. कात्रीने चार-चार, पाच-पाच द्राक्षांचे झुबके करून ठेवले की सहज उचलले जातात.

काही फळं चीजशेजारी नकोत, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवावं. न शिजवलेलं अननस, पपई आणि किवी यांत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. ती दुधातल्या प्रथिनांवर काम करू लागतात, आणि किवीचा काप ताज्या मऊ चीजला तासभर चिकटून राहिला की तिथे कडवटपणा उतरतो. दिसायला किवीचा हिरवा रंग फार मोहात पाडतो. मी तो वेगळ्या वाडग्यात ठेवते. सफरचंद आणि नाशपाती कापल्या की हवेशी गाठ पडते आणि तांबूस होतात, त्याला लिंबाचा रस चोळायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. लिंबाचा आंबटपणा चीजच्या चवीत लुडबुड करतो. आई फोडी मिठाच्या हलक्या पाण्यात बुडवून काढायची. मीठही तेच काम करतं, आणि चीजचं मिठाशी मुळातच सख्य असल्याने जिभेला काही खटकत नाही. पाणी मात्र नीट टिपून घ्यायचं, ओला काप चीजला चिकटला की दोन्ही बिघडतात.

चीज आणि नाशपाती यांच्यावर इटलीत एक जुनी म्हण आहे. शेतकऱ्याला कळू देऊ नका, नाशपातीबरोबर चीज किती छान लागतं ते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती खट्याळ वाटली होती. मग पुन्हा पुन्हा मनात घोळवली आणि ती टोचू लागली. चीज हे कष्टकऱ्यांचं, मेंढपाळांचं खाणं. ताजी नाशपाती नाजूक, लवकर नासणारी, म्हणून ती बागा राखणाऱ्यांच्या, धनवंतांच्या ताटातली. म्हणजे ज्याने चीज केलं त्यालाच त्याची खरी गोडी कळू द्यायची नाही, असा त्या म्हणीचा डाव. चांगल्या चवीभोवती कुंपण घालायची माणसाची खोड किती जुनी आहे! आज आपण कुणाला दाराबाहेर ठेवत नाही. तरी माणूस घरात येऊन, टेबलापाशी उभा राहून, हात मागे बांधून परत जातो, तेव्हा तिथे एक कुंपण असतंच. नावं न कळण्याचं, सुरी कुठली धरायची ते माहीत नसण्याचं. ते काढणं यजमानाच्या हातात असतं, पाहुण्याच्या नाही.

याच विचारात असताना मी नेदरलँड्स आणि बेल्जियम भागातली जुनी चित्रं पुन्हा बघायला घेतली. फ्लोरिस व्हान डाइकने १६१५च्या सुमारास रंगवलेलं एक टेबल अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. भारी कापडाचा टेबलक्लॉथ, पाव, फळं, आणि मधोमध चीजच्या मोठाल्या ढेपा. पुढची कथलाची ताटली टेबलाच्या कडेबाहेर आलेली आहे, इतकी की आपण हात लांबवला तर बोटाला लागेल असं वाटतं. त्याच काळातलं क्लारा पीटर्सचं चीज, बदाम आणि प्रेट्झेलचं चित्र हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे. त्यातल्या सुरीवर तिने स्वतःचं नाव कोरल्याचं रंगवलंय आणि सुरईच्या झाकणात तिचा चिमुकला चेहरा उमटलाय. ही चित्रं मी आधीही पाहिली होती, सुरईतला चेहरा शोधला होता. या वेळी लक्ष गेलं ते चीजकडे. दोन्ही चित्रांत चीज कापलेलं आहे. अख्खं गोल चाक रंगवणं सोपं गेलं असतं. पण त्यांनी कापलेली बाजू आपल्याकडे वळवलीय, आतला पिवळा रंग, सुरीची वाट, कडेची तडकलेली साल. कुणीतरी आपल्या आधी खाऊन गेलंय, आता तुम्ही या, असं ते टेबल म्हणतं. चारशे वर्षांपूर्वीच्या रंगवलेल्या चीजलाही हात लावावासा वाटतो, आणि आमच्यासमोरच्या खऱ्या ब्रीला वाटला नाही. मला हवं होतं ते त्या चित्रांत सापडलं.

म्हणून आता फळी मांडून झाली की मीच ती थोडी मोडते.

पाहुणे यायच्या आधी ब्रीची एक फोड कापून किंचित बाहेर ओढून ठेवते. फोड कापायची ती मध्यापासून कडेपर्यंत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मधला मऊ भागही येतो आणि सालही. त्रिकोणी तुकड्याचं टोक आडवं कापून घेणं फ्रान्समध्ये असभ्य मानतात, कारण तो चीजचा सगळ्यात चवदार भाग मानतात, आणि एकानेच ते पळवायचं नसतं. हा शिष्टाचार मला फार पटतो. पार्मेजानोचे फोडलेले तुकडे ढेपेच्या पायाशी पडू देते. अंजिरातलं एक उघडून ठेवते, बाकीची अख्खी. सफरचंदाचा पंखा मलाही जमतो, पण काप मोजून रचलेले असले की एक उचलताच खिंडार दिसतं, म्हणून ते सैलसर ढिगातच बरे. दोन-तीन ठिकाणी फळी मुद्दाम उघडी ठेवते, लाकूड दिसेल अशी. सुरी टेकवायला, देठ टाकायला, कापताना हात टेकायला जागा लागते. प्रत्येक चीजला स्वतंत्र सुरी हवी, निदान निळ्याला तरी, नाहीतर त्याचा वास आणि बुरशी सगळ्यांच्या घरी पाहुणचाराला जाते. आणि सगळं चीज अर्धा-पाऊण तास आधी फ्रिजमधून बाहेर. गारठलेल्या चीजमधली चरबी घट्ट असते, वास आतच अडकून राहतो, जिभेला नुसतं मीठ लागतं. मऊ पडू लागलं की खोलीभर त्याचा मंद वास पसरतो आणि लोक आपसूक टेबलाकडे वळतात. फार वेळही नको. कापलेली फळं आणि मऊ चीज दोन तासांच्या वर बाहेर राहू नये, उकाडा असेल तर तासाभरातच आत न्यावं. म्हणून मी थोडंथोडंच मांडते आणि संपलं की भर घालते.

काही गोष्टी मात्र फळीवर दिसत नाहीत आणि त्या आधीच विचारून ठेवाव्या लागतात. पार्मेजानो रेज्जानो करताना दूध घट्ट जमवायला वासराच्या पोटातलं रेनेट हे पाचक द्रव्य वापरतात, तो त्याचा नियमच आहे. रोकफोर आणि बरीच पारंपरिक चीजही अशीच असतात. कटाक्षाने शाकाहारी असलेला माणूस हे दुधाचंच आहे म्हणून निर्धास्तपणे खातो, आणि त्याला नंतर कळलं तर त्याच्या मनाला काय वाटेल याची मला फार धास्ती असते. वेष्टणावर सूक्ष्मजीवजन्य किंवा वनस्पतिजन्य रेनेट असं लिहिलेलं चीज हल्ली सहज मिळतं, त्यात चांगली चीजही आहेत. बाळाची चाहूल लागलेली कुणी येणार असेल, तर तिच्यासाठी पांढऱ्या बुरशीचं मऊ चीज आणि निळं चीज टाळून कडक चीज ठेवायचं, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो म्हणून. ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही पुष्कळदा मुरलेलं कडक चीज चालतं, कारण मुरताना त्यातली दुग्धशर्करा जवळजवळ संपलेली असते. हे कुणालाही चारचौघांत सांगावं लागू नये. ज्याच्या त्याच्या हाताशी येईल त्या बाजूला ज्याचं त्याचं चीज ठेवलेलं असलं की पुरे, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

इतकं करूनही पहिला क्षण अवघड असतोच. पाहुणे आत येतात, फळीकडे बघून थबकतात, कुणीतरी फोन काढतं. तेव्हा माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक म्हणजे, काढू दे फोटो, बघू दे नीट. तो अंजिराच्या आतला गुलाबी रंग शोधून आणायला मी सकाळ घालवलीय, तो कुणाच्या तरी डोळ्यांत भरावा असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे, आता पुरे, लावा हात. कौतुकाची ओढ आणि वाढण्याची घाई यांचं माझ्यात कधीच पटत नाही, आणि पटायला हवं असंही नाही. मी सुरी उचलते, ब्रीची फोड पावावर पसरते, वर द्राक्षाचा अर्धा काप ठेवते, आणि जो जवळ असेल त्याच्या पुढे धरते. त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी असतं, पिशवी नाहीतर पेला. गडबडीने तो एक हात मोकळा करतो आणि घेतो. दुसरा कापही मी माझ्यासाठी तिथेच, उभ्याने कापते आणि खाते. यजमानाने आधी खाऊ नये असं म्हणतात. मला वाटतं, या एका बाबतीत खावं. तोंडात घास असलेल्या माणसाशेजारी संकोच टिकत नाही. मग कुणीतरी विचारतं, "ही साल खायची असते का?" आणि बाकीचे सुटकेचा श्वास सोडून उत्तर ऐकायला जवळ येतात.

दहा-पंधरा मिनिटांत फळीचा नूर पालटतो. डाळिंबाचे दाणे घरंगळून मऊ चीजवर लाल डाग पडतात, पार्मेजानोचा चुरा सगळीकडे होतो, मधाची तार वाटीपासून टेबलापर्यंत जाते. कुणीतरी अंजीर आणि कडक चीज एकत्र खाऊन बघतं आणि ओरडून दुसऱ्याला सांगतं. माझ्या मनात जुळवलेल्या जोड्या कुणी पाळत नाही. वाळवलेल्या जर्दाळूबरोबर रोकफोर खाणारी पाहुणी माझ्याकडेच निघाली, आणि ती बरोबर होती, मी नंतर चाखून पाहिलं.

पाहुणे गेले की मला आवरायची घाई नसते. उरलेल्या फळीवरून कोण काय शोधत होतं ते कळतं. कोवळ्या ब्रीची साल कोरून ठेवलेली दिसली की समजावं, आणखी दोन दिवस पिकू द्यायला हवं होतं. कडक चीजच्या ढेपेवर एकाच बाजूने फोडल्याच्या खुणा असल्या, तर तिची सुरी डाव्या हाताच्या माणसाला गैरसोयीची पडली असणार. उरलेलं चीज मी मेणकागदात गुंडाळते, प्लास्टिकमध्ये ते घुसमटतं आणि वास धरतं. पार्मेजानोची टणक साल सूपमध्ये उकळायला बाजूला काढते. परवा क्रॅकर्स जवळजवळ सगळे उरले होते, पाव संपला होता, निळं चीज माझ्या अंदाजाच्या बाहेर खपलं होतं आणि नाशपाती तर पहिल्या अर्ध्या तासातच गेल्या होत्या. पुढच्या खेपेला नाशपाती दुप्पट आणायच्या, मध दोन टोकांना दोन वाट्यांत ठेवायचा, आणि क्रॅकर्स नाही आणले तरी चालतील.